घरचा साबण, त्याचा वास आणि परवान्याचा घोळ

दिवाळी जवळ आली की घरगुती साबणांची विक्री जोरात सुरू होते आणि त्याबरोबर दोन प्रश्न हटकून निघतात. हे विकायला परवाना लागतो का? आणि यातलं चंदन खरं आहे का? लाय (कॉस्टिक सोड्याचे पाणी), ट्रेस (तेल-लायचे मिश्रण घट्ट होऊ लागते ती वेळ), क्युअरिंग (वडी वाळवून मुरवणे) हे शब्द ज्यांच्या रोजच्या बोलण्यात आहेत, त्यांच्यासाठी हे टिपण. कृती इथे नाही, या दोन प्रश्नांच्या मागचा इतिहास आहे.

जुन्या काळाबद्दल थोडक्यात. महाराष्ट्रात अंगाला डाळीचे पीठ, केसांना शिकेकाई-रिठे आणि कपड्यांना पापडखार किंवा राख, एवढ्यावर घरातले भागत असे. तरी साबण अगदीच अनोळखी नव्हता. गुजरातेतले कपडवंज काच आणि साबण या दोन्हींसाठी प्रसिद्ध होते. दोन्ही धंद्यांना खार लागतो, त्यामुळे हा योगायोग नसावा. सज्जीखार (कच्चा सोडा) आणि चुना यांचे पाणी तेलात आटवून केलेला हा साबण मुख्यतः धुण्याचा. खाराचा जोर दर खेपेला वेगळा, म्हणून वडी कधी मऊ तर कधी हात सोलवटणारी. ‘सनलाइट’ ही विलायती वडी १८८८ मध्ये कलकत्ता बंदरात उतरली आणि साबण म्हणजे कागदात गुंडाळलेली, ठरावीक रंगाची, ठरावीक वासाची वस्तू ही समजूत तिथून रुजत गेली.

त्या विलायती मालात जनावराची चरबी असण्याची शंका लोकांच्या मनात होतीच. स्वदेशीच्या लाटेत ती उघड बोलली जाऊ लागली आणि १९१८ च्या सुमारास मुंबईत चरबीविरहित, फक्त वनस्पती तेलाचा अंगाचा साबण निघाला. जगातला असा पहिलाच साबण अशी त्याची ख्याती अजून सांगितली जाते. सीरियातल्या हलबची (अलेप्पोची) आणि फ्रान्समधल्या मार्सेयची माणसे त्याआधी शेकडो वर्षे ऑलिव्ह तेलाचा साबण करत होती, तेव्हा ती ख्याती जरा सैलच म्हणायची. पण आपल्याकडे तिचा परिणाम खोल झाला. आजही घरगुती साबणाच्या वेष्टनावर ‘चरबी नाही’ हे ‘केमिकल नाही’च्या शेजारी छापलेले असते. पहिले बहुतेक वेळा खरे असते. दुसरे खरे असूच शकत नाही, कारण कॉस्टिकशिवाय साबण होत नाही.

चंदनाचा साबणही त्याच काळातला. पहिल्या महायुद्धामुळे म्हैसूरचे चंदनाचे लाकूड युरोपला जाईना, साठा पडून राहिला. १९१६ मध्ये संस्थानाने स्वतःच तेल काढायला सुरुवात केली आणि थोड्याच काळात ते तेल साबणात जाऊ लागले. ज्या वासाला आज आपण परंपरा म्हणतो तो साबणात आला तो असा, अडकलेल्या मालाला वाट काढता काढता.

हाताने साबण करण्याला धोरण म्हणून मान्यता मिळाली ती मात्र वर्ध्यात. १९३४ नंतर गांधीजींच्या ग्रामोद्योग संघाच्या मगनवाडीत तेलघाणी, हातकागद, मधमाश्या यांच्याबरोबर साबणाचेही प्रयोग झाले. बाजारच्या कॉस्टिकऐवजी सज्जीमाती वापरता येते का, हा त्यांतला एक प्रश्न. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या दशकात ग्रामोद्योगाच्या सरकारी योजनांत हा धागा पुढे आला, पण तेल बदलून. खायचे तेल साबणात घालवू नका. कडुलिंब, करंज, मोह यांच्या बियांचे अखाद्य तेल वापरा, असा आग्रह. कल्पना चांगली होती. वास मात्र सुटला नाही. कडुलिंबाचे तेल ज्याने हुंगले आहे त्याला वेगळे सांगायला नको. सिट्रोनेलाचे सुगंधी तेल ओतून तो दाबायचा, आणि मग सगळ्या खादी भांडारांतल्या वड्यांना तोच एक वास.

इथून पुढे कायदा सुरू होतो आणि गुंता त्यातच आहे.

१९५४ च्या अर्थसंकल्पात साबणावर अबकारी कर बसला. तो बसवताना यंत्रशक्तीने केलेला साबण आणि तिच्याशिवाय केलेला साबण असा फरक केला गेला. वीज किंवा तापवायला वाफ वापरली नाही, तर करातून सूट. म्हणजे कराच्या दृष्टीने हातचा साबण ही वेगळी वस्तू होती आणि सरकारला ती जगायला हवी होती. पातेले, लाकडी दांडा आणि साचे घेऊन बसलेल्या माणसाला एवढा आधार पुरेसा होता.

१९६२ मध्ये औषधांच्या १९४० च्या कायद्यात सौंदर्यप्रसाधने आली. क्रीम, पावडर, लिपस्टिक यांची व्याख्या करताना शेवटी मोजक्या शब्दांत साबण वगळला गेला. त्यामुळे पुढची वीस वर्षे अंगाचा साबण करणाऱ्याचा आणि औषध निरीक्षकाचा संबंध येत नव्हता.

१९८२ मध्ये याच कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. तिचा रोख बनावट औषधांवर होता आणि त्याच ओघात बनावट व खोट्या लेबलच्या प्रसाधनांची कलमेही आली. त्या गर्दीत साबण वगळणारे शब्द काढून टाकले गेले. १ फेब्रुवारी १९८३ पासून अंगाचा साबण हे कायद्याने सौंदर्यप्रसाधन झाले.

मोठ्या कारखान्यांना याने फारसे बिघडले नाही. छोट्यांचे काय बिघडले ते कळायला नियमांच्या परिशिष्टात जावे लागते. अंगाच्या साबणासाठी सुचवलेल्या साधनांत उकळण्याच्या कढया, वाळवण यंत्र, चिपिंग यंत्र, तीन रुळांची मिल, प्लॉडर (साबण दाबून त्याची कांडी काढणारे यंत्र), कटर आणि ठसा मारण्याचे यंत्र आहे. छोट्या उत्पादनासाठी सुचवलेली जागा १०० चौरस मीटर. म्हणजे हजारावर चौरस फूट. पुण्या-मुंबईत एवढ्या जागेत दोन कुटुंबे राहतात. आणि कढया सोडल्या तर ही यंत्रे आधी तयार केलेला साबण किसून, दाबून, पुन्हा वडी पाडण्याची आहेत. कोल्ड प्रोसेसला, म्हणजे न उकळता साबण करण्याच्या घरगुती पद्धतीला, लागते काय तर काटा, स्टीलचे पातेले, हँड ब्लेंडर, साचा आणि वाळत घालायला फळी. जी कृती यादी करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नव्हतीच, तिला ती यादी लावली गेली.

‘सुचवलेली’ या शब्दावरही मतभेद आहेत. शिफारस म्हणजे सक्ती नव्हे, असे एक म्हणतो. निरीक्षक त्यावर सही करेल तेव्हा खरे, असे दुसरा म्हणतो. अनुभव दुसऱ्याच्या बाजूने जास्त आहे. देखरेखीला पात्र माणूस हवा, ही अट त्या मानाने सौम्य: फार्मसीची पदविका नसली तरी रसायनशास्त्र घेऊन बारावी झालेला चालतो. अडते ते जागेपाशी.

आणखी दोन बारकावे, ज्यांवर नेहमी वाद होतात. कायद्याचा परवाना ‘विक्रीसाठी’ केलेल्या उत्पादनाला लागतो. घरच्यांपुरता केलेला साबण त्यात येत नाही. आणि ‘उत्पादन’ या शब्दात तयार माल सजवणे, पॅक करणे, लेबल लावणे हेही येते. म्हणून ‘आम्ही काय, नुसता बेस वितळवून ओततो, कॉस्टिकला हातही लावत नाही’ हा मेल्ट अँड पोअरवाल्यांचा बचाव टिकत नाही. उलट धुण्याचा आणि भांड्यांचा साबण अंगाला लावायचा नसल्याने प्रसाधन ठरत नाही. गावोगावच्या बचत गटांच्या प्रशिक्षणांत वॉशिंग पावडर, भांड्यांची वडी हे बिनघोर शिकवले जाते ते यामुळे. अलीकडे त्याच शिबिरांत ग्लिसरीनचा अंगाचा साबणही शिकवतात, आणि परवान्याचा विषय सहसा निघत नाही. सरकारचा एक हात शिकवतो आणि दुसरा अडवू शकतो, अशी ही स्थिती.

१९८२ च्या दुरुस्तीच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. कॉस्टिक चुकीचे मोजले तर वडी कातडी भाजते, आणि ते वडीकडे बघून कळत नाही. पण त्यावर उपाय मोजमापाचा आहे. प्लॉडरने ते होत नाही.

अमेरिकेने १९३८ च्या कायद्यात प्रसाधनांच्या व्याख्येतून साबण वगळला आणि तो आजही वगळलेलाच आहे, अट एवढीच की तो खरोखर तेल-अल्कलीचा असावा आणि साबण म्हणूनच विकावा. ‘त्वचा मऊ करतो’ असे लिहिले की तो प्रसाधनात जातो. युरोपात साबण प्रसाधनच आहे, पण तिथे भर प्रत्येक कृतीच्या सुरक्षा-अहवालावर आहे. न्यू जर्सीतली मराठी बाई शनिवारच्या बाजारात जी वडी बिनधास्त मांडते, तीच वडी तिची पुण्यातली बहीण ओळखीतच विकते, याचे मूळ साबण वगळणाऱ्या त्या मोजक्या शब्दांत आहे.

आपल्याकडे मधली एक पळवाटही तयार झाली: साबणाला आयुर्वेदिक औषध म्हणायचे. वेगळा परवाना, वेगळा करदर. औषध की प्रसाधन, यावर करखात्याशी वर्षानुवर्षे खटले चालले. आजही कित्येक ‘हर्बल’ वड्यांवर जुन्या आयुर्वेद ग्रंथाचे नाव छापलेले दिसते ते भक्तीपोटी कमी आणि परवान्यापोटी जास्त.

१९८३ हे वर्ष आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्यासारखे. परदेशी गाईची चरबी वनस्पती तुपात मिसळली जात असल्याचे उघड झाले, देशभर गदारोळ झाला आणि चरबीची आयात बंद झाली. ही चरबी मागवायचे अधिकृत कारण साबणउद्योग होते. पुढे कारखान्यांनी पाम तेलाची वाट धरली. म्हणजे साबणाच्या वडीत काय घालायचे आणि ती कुणी करायची, दोन्ही बाबी एकाच वर्षात बदलल्या. यातली पहिली लोकांना आठवते. दुसरी कुणाला माहीतही नसते.

आजचे घरगुती साबणकर्ते वर्ध्याच्या वाटेने आलेले नाहीत. इंटरनेटवरचे लाय कॅल्क्युलेटर, सिलिकॉनचे साचे आणि अमेरिकन व्हिडिओ यांतून २०१० नंतर ही पिढी तयार झाली, २०२० च्या टाळेबंदीत फुगली. खोबरेल किलोला साधारण १८३ ग्रॅम कॉस्टिक घेते आणि ऑलिव्ह १३४, हे आता शाळकरी मुलगीही मोबाइलवर काढते. सज्जीखारावर अंदाजाने चालणाऱ्यांना हेच मिळाले नव्हते. डिसेंबर २०२० मध्ये प्रसाधनांचे स्वतंत्र नियम आले, अर्ज ऑनलाइन झाले. साबणाच्या साधनांची यादी मात्र जवळपास जशीच्या तशी नव्या परिशिष्टात आली. जीएसटी २०१७ मध्ये आला तो अंगाच्या साबणावर १८ टक्के. सप्टेंबर २०२५ मध्ये वडीवरचा दर ५ टक्के झाला. बहुतेक घरगुती विक्री ४० लाखांच्या मर्यादेखालीच असते, त्यामुळे त्यांना याचा फायदा मुख्यतः स्वस्त झालेल्या प्रतिस्पर्ध्याच्या रूपाने दिसला.

आता वास. कारखान्याच्या साबणात वास शेवटी येतो, तेव्हा अल्कलीचे काम संपलेले असते. कोल्ड प्रोसेसमध्ये तो ट्रेसला, जिवंत कॉस्टिकच्या सान्निध्यात घातला जातो, आणि तिथे निम्मी अत्तरे हरतात. संत्रे-लिंबू महिन्याभरात उडून जाते. लवंग-दालचिनीने मिश्रण पातेल्यातच दगड होते. व्हॅनिला वडीला चॉकलेटी करतो. गुलाबपाकळ्या वरून सुंदर दिसतात आणि आठवड्यात चहाच्या चोथ्यासारख्या होतात. टिकतात ते जड वास: वाळा, पॅचोली, देवदार, काही प्रमाणात गवती चहा. उटण्यातल्या नागरमोथा-कचोऱ्याची पूड घातली तर वडी खरखरीत होते आणि ओला, मातकट वास येतो. दिवाळीच्या पहाटेचा वास त्यातून येत नाही, कारण आपल्या पिढीच्या नाकातला तो वास बराचसा त्या जाड, गोल, बाजारच्या वडीचा आहे. हे ऐकून लोक रागावतात.

कृत्रिम सुगंध नवे नाहीत. कुमारिन प्रयोगशाळेत झाले १८६८ मध्ये, व्हॅनिलिन १८७४ मध्ये, व्हायोलेट फुलाचा वास १८९३ मध्ये. विलायती वडी आली तेव्हा यांतले पहिले दोन होऊन गेलेले होते. नैसर्गिक तेलांतही त्वचेला त्रास देणारी द्रव्ये असतात. युरोपने २००३ मध्ये लेबलवर नावानिशी लिहायला लावलेल्या २६ सुगंधी द्रव्यांत लिनालूल, लिमोनीन, युजेनॉल आहेत. म्हणजे लॅव्हेंडर, संत्रे आणि लवंग. आपल्याकडच्या घरगुती लेबलवर यांतले काही नसते, ‘परफ्यूम’ एवढाच शब्द असतो, आणि पुष्कळदा तोही नसतो.

चंदनाचा हिशेब सोपा आहे. टिपूच्या काळी, १७९२ मध्ये, ते राजवृक्ष ठरले. कर्नाटकात जमीनमालकाला आपल्या झाडाची मालकी मिळायला २००१ उजाडले. मधल्या काळात तोड आणि चोरीने जंगल विरळ झाले आणि तेलाचा भाव चढत गेला. एक किलो तेलाच्या बॅचला तीन टक्के म्हणजे ३० ग्रॅम सुगंध लागतो. एवढे शुद्ध चंदनतेल घातले तर होणारी किंमत कुठल्याही स्टॉलवर कुणी देणार नाही. शंभर-दीडशे रुपयांच्या वडीत ‘खरे चंदन’ लिहिले असेल तर ते फार तर पुडीभर उगाळलेले किंवा लाकडाचा भुसा असेल, आणि वास बाटलीतला. तो चांगल्या बाटलीतला असेल तर त्यात वाईट काही नाही. फक्त तसे लिहावे.