पेटंटांची संख्या म्हणजे महानगराची कल्पकता नव्हे
ज्या महानगराच्या नावावर अधिक पेटंटे, ते अधिक कल्पक, हा समज वर्षानुवर्षे फिरत आहे. तो चुकीचा आहे. अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाच्या महानगरनिहाय आकडेवारीत प्रत्येक पेटंट त्यावर पहिले नाव असलेल्या संशोधकाच्या निवासस्थानाप्रमाणे मोजले गेले आहे, मग त्याचे सहसंशोधक कुठेही राहत असोत. आयडाहो राज्यातील बॉइसी हे तुलनेने लहान शहर लोकसंख्येच्या प्रमाणात फार वर दिसते, ते प्रामुख्याने मायक्रॉन या एकाच मेमरी-चिप कंपनीमुळे. आणि चिपनिर्मितीत एकाच उत्पादनाभोवती असंख्य पेटंटे घेण्याची रीतच आहे. व्यापारी गुपित म्हणून जपलेले तंत्र किंवा पेटंटाविना खुले केलेले सॉफ्टवेअर या मोजणीत येतच नाही. शिवाय, आणि हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, मंजूर झालेली कित्येक पेटंटे कधी वापरातच येत नाहीत.