औषध दाट झालंय की नासलंय?

माझी मावशी संधिवातासाठी अ‍ॅडालिम्युमॅबचं इंजेक्शन घरीच घेते. एकदा फ्रीजमधून काढून लगेच टोचलं, तर दट्ट्या जड गेला आणि झोंबलंही खूप. "औषध घट्ट झालंय, म्हणजे खराबच असणार," असं म्हणून ती पुढची सिरिंजही फेकायला निघाली होती. पण दाटपणा वेगळा आणि गुठळ्या वेगळ्या. थंडीत गोठलेलं खोबरेल उन्हात ठेवलं की पातळ होतं. नासलेल्या दुधाचं काही केल्या पुन्हा दूध होत नाही.

दाटपणा येतो गर्दीमुळे. कातडीखाली एका वेळी साधारण एक-दोन मिलीच औषध सहज मावतं. म्हणून शिरेतून सलाइनमध्ये सावकाश सोडता येणारा डोस इथे चमचाभरापेक्षाही कमी पाण्यात बसवावा लागतो. अ‍ॅडालिम्युमॅबचे 40 मिलिग्रॅम पूर्वी 0.8 मिलीत असायचे, नंतर ते 0.4 मिलीतही मिळू लागले. (त्याच वेळी झोंबणारं सायट्रेटही काढलं, हे फार बरं झालं.) हे औषध म्हणजे अँटिबॉडी, ठरावीक घडी असलेलं एक मोठं प्रथिन. अशा गर्दीत तिचे रेणू एकमेकांना धरतात नि सोडतात. प्रमाण थोडं वाढलं तरी दाटपणा भराभर चढतो आणि थंडीत आणखी वाढतो. त्यात सुई बारीक! तिच्या भोकाचा व्यास निम्मा केला, तर त्याच वेगाने औषध ढकलायला सोळापट दाब लागतो. म्हणून काही औषधांत आर्जिनिन हे अमिनो आम्ल घालून रेणूंची पकड सैल करतात.

गुठळीत रेणूची घडीच मोडते आणि मोडलेले रेणू एकमेकांत कायमचे अडकतात. उष्णता, गोठणं, जोरात हलवणं ही त्याची कारणं. हलवताना हवा आणि पाणी जिथे भेटतात तिथे घडी मोडते. तिथे आधी जाऊन बसायला पॉलिसॉर्बेट हा साबणासारखा पदार्थ घातलेला असतो. गुठळ्या शरीराला परक्या वाटू शकतात. मग ते औषधाविरुद्धच अँटिबॉडी बनवू लागतं आणि औषध लागू पडेनासं होतं. बारीक गुठळ्या तर डोळ्यांना दिसतही नाहीत.

मावशी आता सिरिंज टोपण न काढता पंधरा ते तीस मिनिटं बाहेर ठेवते. गरम पाणी नाही, मायक्रोवेव्ह तर नाहीच. दट्ट्या हलका जातो. पण सिरिंज बर्फाच्या कप्प्याला चिकटून एकदा जरी गोठली, तर वितळल्यावर औषध कितीही नितळ दिसो, ते वापरायचं नाही.