पित्ताची गोळी: केव्हा आणि किती दिवस?

नागपुरात सकाळी तर्री पोहे खाल्ल्यावर छातीत जळजळू लागले की अनेक जण जवळच्या औषधाच्या दुकानातून पॅन्टोप्राझोलची गोळी घेऊन तिथेच गिळतात आणि तासाभरात आराम पडला नाही की औषधालाच दोष देतात. खरे तर त्यांनी ते चुकीच्या वेळी घेतलेले असते.

जठराच्या अस्तरातील काही पेशींमध्ये आम्ल सोडणारे प्रथिनांचे सूक्ष्म पंप असतात. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल ही औषधे आतड्यात शोषली जाऊन रक्तावाटे त्या पेशींपर्यंत पोहोचतात आणि त्या वेळी चालू असलेल्या पंपांनाच घट्ट चिकटून ते बंद पाडतात. पंप जेवणामुळे जोमाने चालू होतात, म्हणून गोळी न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. तिचा पुरता परिणाम दिसायला ३ ते ५ दिवस लागतात. गोळीवरचे आवरण औषधाला जठरातल्या आम्लापासून वाचवते. त्यामुळे ती चावू किंवा कुटू नये.

तातडीच्या आरामासाठी अँटासिडचे, म्हणजे जठरातले आम्ल शमवणारे, पातळ औषध बरे. मात्र मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी तेही विचारूनच घ्यावे, आणि लोहाच्या किंवा थायरॉइडच्या गोळीत व अँटासिडमध्ये काही तासांचे अंतर ठेवावे, नाहीतर त्या गोळ्या नीट शोषल्या जात नाहीत.

सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे औषध थांबवणे. छातीतल्या जळजळीसाठी साधारण ४ ते ८ आठवड्यांचा उपचार पुरतो, पण कित्येकांची गोळी वर्षानुवर्षे चालू राहते आणि त्यातून ब-१२ जीवनसत्त्व व मॅग्नेशियम कमी होऊ शकते. दीर्घकाळ घेतलेली गोळी एकदम बंद केली की काही काळ आम्ल पूर्वीपेक्षा जास्त सुटते; रुग्णाला दुखणे उलटल्यासारखे वाटते आणि तो पुन्हा गोळीकडे वळतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा हळूहळू उतरवली तर हा त्रास कमी होऊ शकतो. मात्र पूर्वी अल्सर झालेला आणि रोज ॲस्पिरिन घेणारा रुग्ण याच गोळीमुळे रक्तस्रावापासून वाचत असतो, त्याने ती परस्पर सोडू नये. हृदयासाठी क्लोपिडोग्रेल हे रक्ताची गुठळी होऊ न देणारे औषध घेणाऱ्यांनी ओमेप्राझोल टाळावे, कारण त्याने क्लोपिडोग्रेलचा प्रभाव घटतो.

डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी, घास अडकणे किंवा विनाकारण वजन घटणे ही लक्षणे गोळीने झाकू नयेत. दुर्बिणीतून तपासणी लागू शकते. छातीत दाटून येऊन घाम फुटला, हात किंवा जबडा दुखू लागला, तर पित्त समजून घरी न थांबता लगेच रुग्णालयात जाऊन ईसीजी काढून घ्यावा.