व्यसनाचं मेंदूविज्ञान (शाळेतला विषय)

व्यसनाचं मेंदूविज्ञान शिकवणं म्हणजे हायस्कूलच्या मुलांना "दारू वाईट, तंबाखू वाईट" एवढंच न सांगता हे पदार्थ मेंदूत जाऊन नेमकं काय करतात ते समजावून सांगणं. नुसत्या उपदेशाने फार काही होत नाही. अमेरिकेत १९८३ ला लॉस एंजेलिसमधून डेअर नावाचा कार्यक्रम सुरू झाला, पोलीस वर्गात येऊन "नाही म्हणायला" शिकवायचे, देशभर पसरला, पण नंतरच्या अभ्यासांत मुलांच्या नशेवर त्याचा म्हणावा तसा परिणाम दिसलाच नाही.

मेंदूचा धडा सुरू करायला उंदरांचा प्रयोग सगळ्यात भारी. १९५४ मध्ये कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठात ओल्ड्स आणि मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवली, दांडी दाबली की हलका करंट मिळायचा, आणि उंदीर ती दांडी पुन्हा पुन्हा दाबतच राहिले. तिथून मेंदूतल्या बक्षिसाच्या मार्गाचा, म्हणजे बरं वाटलेली गोष्ट परत करायला लावणाऱ्या भागांचा शोध लागत गेला. या मार्गावर डोपामाईन नावाचं मेंदूतलं रसायन काम करतं. डोपामाईन म्हणजे फक्त मजा असं बरेच जण शिकवतात, ते अर्धवट आहे, ते मुख्यतः "हे परत कर" असं मेंदूला शिकवतं. सिगारेटचा झुरका घेतला की निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोचतं आणि डोपामाईन वाढवतं. रोज तेच व्हायला लागलं की मेंदू त्याला सरावतो, तेवढ्याने भागत नाही, आणि बंद केलं तर चिडचिड, बेचैनी. मजा संपते पण ओढ राहते, आपल्याकडे "कळतं पण वळत नाही" म्हणतात ना, ते इथे शब्दशः खरं आहे.

कपाळामागचा भाग, जो विचार करून थांबायला लावतो, तो साधारण पंचविशीपर्यंत तयार होत असतो, म्हणून चौदाव्या-पंधराव्या वर्षी लागलेली सवय जास्त घट्ट बसते.

महाराष्ट्रात हे शिकवताना उदाहरण तंबाखू, मिश्री, गुटख्याचंच घ्यावं (गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे तरी), कारण मुलांनी ते घरीदारी बघितलेलं असतं. आणि वर्गात एखाद्याचे वडील पिणारे असतातच, त्याला सगळ्यांसमोर काही विचारू नये. व्यसन हा आजार आहे, त्यावर उपचार होतात, पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतंय आणि १४४४६ ही सरकारी हेल्पलाईन फुकट आहे, हे मात्र फळ्यावर लिहून द्यावं, ज्याला हवं तो गुपचूप उतरवून घेईल.