थायरॉइडच्या गाठीत हाड सापडतं तेव्हा

गुडघ्याजवळच्या ऑस्टिओसार्कोमावर पूर्वी उपचार झालेल्या माणसाच्या थायरॉइडमध्ये गाठ आली, तर जुनी हकिगत सुई घालण्याआधीच पॅथॉलॉजिस्टला कळायला हवी. हाडाचा हा कर्करोग पसरतो तो बहुतेक फुप्फुसांत, थायरॉइडमध्ये अगदी क्वचित. म्हणून सांगितलं नाही, तर तो कुणाच्या मनातही येत नाही.

रक्तातलं टीएसएच, म्हणजे थायरॉइडचं काम कसं चाललंय हे दाखवणारं संप्रेरक, बहुधा नॉर्मल असतं. सोनोग्राफीत कॅल्शियमचे साठे दिसतात, पण ते साध्या जुन्या गाठींतही असतात. मग एफएनएसी, म्हणजे 23 ते 27 गेजच्या बारीक सुईने पेशी काढणं. गाठीत हाड तयार झालं असेल तर सुई अडते आणि हाती नुसतं रक्त येतं. अशा वेळी तीच तपासणी पुन्हापुन्हा करण्यापेक्षा सोनोग्राफीत बघत कोअर बायोप्सी घ्यावी, म्हणजे जाड सुईने गाठीचा तुकडाच काढावा. तुकड्यातला कठीण भाग मऊ करायला ईडीटीए हे कॅल्शियम हळूहळू काढणारं रसायन वापरावं. त्याला वेळ लागतो, पण तीव्र आम्लाने डीएनए तुटतो आणि जनुकीय चाचण्या वाया जातात.

खरी फसगत पुढे होते. सूक्ष्मदर्शकाखाली कर्कपेशींनी बनवलेलं कोवळं हाड, म्हणजे ऑस्टिऑइड, दिसलं तरी निदान पक्कं होत नाही. थायरॉइडचा स्वतःचा, पेशींची मूळ ओळख हरवलेला अ‍ॅनाप्लास्टिक कर्करोगही कधीकधी असं हाड बनवतो. थायरोग्लोब्युलिन आणि टीटीएफ-1 हे थायरॉइडच्या पेशी ओळखायचे मार्कर त्यातही बहुधा निगेटिव्ह येतात, त्यामुळे तेवढ्यावरून ‘थायरॉइडचा नाही’ म्हणता येत नाही. पॅक्स-8 हा मार्कर अधिक उपयोगी, कारण बऱ्याच अ‍ॅनाप्लास्टिक गाठींत तो टिकून राहतो. सॅटबी-2 पॉझिटिव्ह आला तर पेशी हाडाच्या वळणावर गेल्या आहेत एवढंच कळतं, त्या आल्या कुठून हे नाही. बीआरएएफ व्ही600ई हा जनुकीय बदल सापडला, तर कौल थायरॉइडच्या बाजूने जातो आणि त्यावर डॅब्राफेनिब व ट्रॅमेटिनिब ही औषधंही आहेत. हाडातून आलेल्या गाठीचा मार्ग वेगळा: आधी छातीचा सीटी, मग शस्त्रक्रिया की केमोथेरपी याचा विचार.

सगळ्यांत भरवशाची ठरते ती तुलना. जुन्या शस्त्रक्रियेच्या स्लाइड्स आणि पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेले गाठीचे तुकडे, मागवून नव्या तुकड्याशेजारी ठेवायचे. ब्लॉक वर्षानुवर्षं टिकतात, मात्र रुग्णालयं ते ठरावीक मुदतीनंतर काढून टाकू शकतात. म्हणून हाडाच्या कर्करोगाचे उपचार संपतानाच ब्लॉक क्रमांक लिहून घ्यावा आणि ते किती वर्षं ठेवतात हेही विचारावं.