रानटर्कीचे वसंतातले मौन

रानटर्कीचे मौन : उत्तर अमेरिकेत वसंतातल्या शिकारीच्या हंगामात रानटर्कीचे नर ओरडणे कमी करतात किंवा साफ थांबवतात आणि नेहमीच्या जागी दिसेनासे होतात, ते वर्तन. आठवड्यापूर्वी ज्या टेकडीवरून पहाटे तीन-चार नरांच्या आरोळ्या ऐकू येत होत्या, तिथे हंगाम उघडल्यावर सुतकी शांतता पसरते. पक्षी रान सोडून गेले, असे मग शिकारी धरून चालतात. बहुतेक वेळा ते कुठेही गेलेले नसतात.

रानटर्की (मेलीॲग्रिस गॅलोपावो) हा मोर, तितर आणि रानकोंबडा यांच्या कुळातला, जमिनीवर चरणारा मोठा पक्षी. अमेरिकेच्या पूर्वेकडची जंगले, फ्लोरिडा, टेक्सासची कोरडी माळराने, रॉकी पर्वताचे उतार आणि मेक्सिको अशा भागांत त्याच्या वेगवेगळ्या उपजाती आढळतात. पूर्ण वाढलेला नर साधारण ७ ते ११ किलो भरतो. मादी त्याच्या जेमतेम निम्मी. नराच्या छातीवर घोड्याच्या शेपटीच्या केसांसारखा राठ पिसांचा झुपका लोंबतो, त्याला दाढी म्हणतात. वसंतात बहुतेक राज्ये दाढीवाला पक्षीच मारू देतात. दक्षिणेत हा हंगाम मार्चमध्ये सुरू होतो, उत्तरेत तो मे अखेरपर्यंत चालतो.

नराच्या आरोळीला ‘गॉबल’ म्हणतात. शांत पहाटे ती दीड-एक किलोमीटरवरून ऐकू येते. टर्की रात्री झाडावर झोपते. उजाडण्याच्या थोडे आधी, पाइनच्या आडव्या फांदीवर बसल्या बसल्याच नर पहिली आरोळी देतो. दूर कुठे घुबड घुमले, कावळा ओरडला, गाडीचे दार आपटले किंवा ढग गडगडले, तरी त्याच्या तोंडून ती आपसूक निघते. म्हणूनच शिकारी अंधारात घुबडाचा आवाज काढून नर कोणत्या झाडावर आहे याचा अदमास घेतात. पुरेसे दिसू लागले की जड पंखांची फडफड होते, पक्षी खाली उतरतो, पिसारा फुलवतो आणि तिथेच येरझारा घालतो. आजूबाजूच्या झाडांवरून माद्या उतरून त्याच्याकडे चालत येतात. त्या पोहोचल्या की आरोळी थांबते. ज्यांना बोलवायचे होते त्या समोर असताना ओरडून कोल्हे-कोयोटीला आपला पत्ता देण्यात त्याचा काही फायदा नसतो.

सारे कोडे इथेच सुटते, असे मला वाटते. निसर्गात नर साद घालतो आणि मादी त्याच्याकडे जाते. शिकारी नेमका हा क्रम उलटवू पाहतो. लाकडी पेटीवर झाकण घासून, पाटीच्या दगडावर काडी फिरवून किंवा तोंडात धरलेल्या पातळ पडद्यातून तो मादीचा आवाज काढतो आणि नर आपल्याकडे येईल म्हणून झाडाला टेकून बसतो. भोवती खऱ्या माद्या असलेला नर या न दिसणाऱ्या मादीसाठी जागचा कशाला हलेल? फार तर एकदा उत्तर देतो आणि तिने यावे म्हणून थांबून राहतो.

माद्यांचे वेळापत्रक कळले की नराच्या आवाजातले चढउतार उलगडतात. मादी जमिनीवर झुडपाच्या आडोशाला, पाचोळ्यात घरटे करते. ती दहा-बारा अंडी देते, साधारण रोज एक, म्हणजे या कामाला दोन आठवडे जातात. त्या काळात ती सकाळ नराच्या संगतीत काढते आणि नंतर अंडे घालायला गुपचूप निघून जाते. पहाटे मुका वाटलेला नर नऊ-दहाच्या सुमाराला पुन्हा ओरडू लागतो तो यामुळे. तो एकटा पडलेला असतो. अंडी पुरी झाली की मादी सुमारे २८ दिवस उबवायला बसते आणि चरायला थोड्या वेळापुरती उठते. एक-एक करून माद्या अशा बसत्या झाल्या की नर पुन्हा दिवसभर ओरडताना ऐकू येतो. आरोळ्यांना वसंतात दोन भरत्या येतात, ही जुनी समजूत यावरून पडली : पहिली हिवाळी थवे फुटतात तेव्हा आणि दुसरी माद्या घरट्यावर बसतात तेव्हा. प्रत्यक्षात चित्र इतके रेखीव नसते. रॅकून, स्कंक, साप अंडी खातात. घरटे मोडलेली मादी पुन्हा नराकडे येते आणि त्याचे ओरडणे पुन्हा मंदावते.

याच्या जोडीला माणसाची भीती असते. गेल्या काही वर्षांत जॉर्जिया विद्यापीठातील मायकेल चेंबरलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झाडांवर ध्वनिमुद्रक लावून आणि पक्ष्यांच्या पाठीवर जीपीएस यंत्रे बसवून आग्नेय अमेरिकेत हा विषय तपासला. शिकार न होणाऱ्या जंगलात नरांचे ओरडणे मुख्यतः माद्यांच्या विणीप्रमाणे कमीजास्त होते. शिकारीच्या जंगलात मात्र हंगाम उघडल्यावर ते उतरते. याची कारणे दोन. ओरडणारे, बेधडक पुढे येणारे नर आधी मारले जातात, आणि उरलेल्यांना चांगलाच धडा मिळतो. टर्कीची नजर जबरदस्त असते. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने मान जरा वळवली की चारी दिशा दिसतात आणि रंगही स्पष्ट ओळखता येतात. आवाजाच्या जागी मादी दिसली नाही आणि झाडाच्या बुंध्याशी काही हलले, एवढे तिला पुरते.

जागा बदलण्याबद्दल थोडे. हिवाळ्यात टर्की मोठ्या थव्यांनी राहतात. वसंतात थवे फुटतात आणि माद्या घरट्यायोग्य झाडोऱ्याच्या शोधात पांगतात. माद्या जातात तिकडे नर जातो. मार्चमध्ये हेरून ठेवलेली जागा एप्रिलमध्ये रिकामी मिळते ती म्हणून. पश्चिमेकडच्या डोंगरांतली मेरियम ही उपजात बर्फ वितळेल तशी वर सरकते. पावसात पक्षी गळत्या, आवाजी जंगलातून मोकळ्या शेतात येऊन उभे राहतात, कारण झाडीत त्यांना शत्रूची चाहूल लागत नाही. या हालचाली शिकार नसली तरी होतात. जीपीएस लावलेल्या नरांपैकी बहुतेक हंगामातही आपला परिसर सोडत नाहीत, त्याच टापूत वावरत राहतात.

शिवाय गप्प नर पुरता गप्प नसतोच. पिसारा फुलवताना तो ‘फट्’ असा तुटक आवाज काढतो आणि मागोमाग एक खोल घुमारा, जो जवळून कानांपेक्षा छातीत जास्त जाणवतो. शिवाय त्याचे डोके रंग बदलून बोलते. गोव्याशी असलेला एक जुना धागा इथे आठवतो. १६१२ मध्ये जहांगीर बादशहाने आपला सरदार मुकर्रब खान याला गोव्याला पाठवून पोर्तुगीजांकडून दुर्मीळ वस्तू आणि प्राणी आणवले. त्यात टर्की होती. तिचे डोके-मान माजावर पोवळ्यासारखी लाल, जरा वेळाने कापसासारखी पांढरी आणि कधी फिरोजी दिसते, असे बादशहाने आपल्या आठवणींत टिपून ठेवले. उस्ताद मन्सूरने काढलेले तिचे चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. अमेरिकेतला शिकारी आजही याच रंगांवरून नराची मनःस्थिती ओळखतो.

या मौनाकडे आता संवर्धनाच्या अंगानेही पाहतात, आणि ते योग्यच आहे. जंगलतोड आणि बेबंद शिकारीमुळे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रानटर्की अनेक राज्यांतून नाहीशी झाली होती. रानातले पक्षी जाळ्यांनी पकडून दुसरीकडे सोडण्याच्या दीर्घ प्रयत्नांनी ती परतली. शिकाऱ्यांच्याच पैशांचा त्यात मोठा वाटा आहे. नंतर आग्नेय भागात संख्या पुन्हा घटू लागली. टर्कीच्या नरांत उतरंड असते आणि मीलनाची संधी बहुतांशी वरच्या थोड्याच नरांना मिळते. माद्यांची अंडी पुरी होण्याआधी हे नर मारले गेले तर विणीची घडी विस्कटते, अशी भीती अभ्यासकांना वाटते. टेनेसी राज्याने २०२३ पासून हंगामाची सुरुवात दोन आठवडे पुढे ढकलली ती याच विचाराने.

उशिरा जाणाऱ्यांचा अनुभव वेगळा असतो. मेच्या मध्यावर बहुतेक माद्या घरट्यावर बसलेल्या असतात आणि पालवी इतकी दाट होते की आवाज दूरवर पोहोचत नाही. कंटाळलेले शिकारी घरी बसलेले असतात. त्या दिवसांत हाकेला उत्तर न देता एखादा जुना नर भलत्याच बाजूने येतो. कोरड्या पाचोळ्यावर माणूस चालल्यासारखी पावले वाजतात, मग थांबतात. नेच्यांच्या वर आधी पांढरे डोके दिसते, मग बाकीचा पक्षी.