झेडपी हायस्कूल आणि खेळ (नागपूर ग्रामीण)

काटोल, सावनेर, उमरेड, कुही, भिवापूर अशा तालुक्यांतली जिल्हा परिषदेची माध्यमिक शाळा म्हणजे झेडपी हायस्कूल. १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या, त्याआधी इकडं मध्यप्रांताच्या १९४८ च्या कायद्यातल्या जनपद सभा होत्या, त्यामुळं जुन्या माणसांच्या तोंडी 'जनपद शाळा' हा शब्द असतो.

खेळ म्हणाल तर मुख्य दोनच, कबड्डी नि खो-खो. कारण साधं आहे, सामान लागत नाही, फक्कीच्या रेघा मारल्या, दोन खांब रोवले की झालं. कबड्डीत एका बाजूनं ७ जण, खो-खोत ९, त्यातले ८ बसतात नि एक पळतो. आणि कबड्डी काही विदर्भाला नवी नाही बरं का, १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी ती खेळून दाखवणारी टीम अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची होती.

खरी भानगड जमिनीची. इकडची काळी माती पावसात पायाला चिकटते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, आणि शालेय स्पर्धा सुरू होतात नेमक्या पावसाळ्यात. मग मुरूम टाका, पाणी जायला नाली काढा, पीटीचे सर नि पोट्टे मिळून हेच करत बसतात, प्रॅक्टिस उरलेल्या वेळात. पुढच्या लेव्हलला मॅट असली तर आणखी पंचाईत, अनवाणी मातीवर शिकलेलं पोट्टं बूट घालून मॅटवर उतरलं की पहिल्या दोन-तीन चढायांत त्याला वळताच येत नाही. माझ्या मते गावच्या टीम हरतात त्या इथं, दमात किंवा ताकदीत नाही.

स्पर्धा १४, १७ नि १९ वर्षांखालच्या गटांत होतात. तालुका, जिल्हा, विभाग, मग राज्य. नागपूर विभागात वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली धरून ६ जिल्हे येतात. दहावी-बारावीत खेळाचे वाढीव गुण मिळतात, घरचे परवानगी देतात ती बरेचदा त्यासाठीच.

राष्ट्रीय लेव्हलला मात्र मजा आहे. शालेय स्पर्धेत नागपूरची पोरगी महाराष्ट्राकडून खेळते, आणि संघटनेच्या कबड्डी स्पर्धेत विदर्भाची टीम वेगळी असते, म्हणजे तीच पोरगी तिथं महाराष्ट्राच्या विरुद्ध चढाईला जाऊ शकते.